मुक्त मानके, संगणकीय : अध्ययनाची व परीक्षणाची साधने

निरनिराळ्या उत्पादकांनी स्वतंत्रपणे तयार केलेल्या संगणकीय आज्ञावल्या परस्परांशी बिनचूक व्यवहार करू शकाव्यात म्हणून त्यांच्यातील देवाणघेवाणीचे जे नियम लेखी स्वरूपात ठरविण्यात येतात, त्यांना संगणकीय मानके असे म्हणतात. अशा मानकाचा मूळ पाठ कोणासही वाचावयास मिळत असेल, त्यानुसार सॉफ्टवेअर तयार करण्यास स्वामित्वशुल्क द्यावे लागत नसेल आणि मानकात बदल करण्याचा अधिकार एखाद्याच कंपनीच्या हाती नसेल, तर ते मुक्त मानक होय. आंतरजालावरील पृष्ठे ज्या खुणांच्या भाषेत लिहिली जातात ती एचटीएमएल, त्या पृष्ठांची मांडणी ठरविणारी सीएसएस, ती पृष्ठे एका संगणकाकडून दुसऱ्याकडे कशी पाठवावीत हे सांगणारा एचटीटीपी हा प्रोटोकॉल आणि जगातील लिप्यांच्या वर्णांना क्रमांक देणारे युनिकोड ही मुक्त मानकांची परिचित उदाहरणे होत.

मानक मुक्त आहे एवढ्याने ते वापरता येते, असे मात्र नाही. एचटीएमएलचा विनिर्देश छापला, तर हजाराहून अधिक पाने भरतात. शिवाय तो मुख्यतः ब्राउझर घडविणाऱ्या अभियंत्यांना उद्देशून लिहिलेला असतो, पहिलेच पृष्ठ लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला नव्हे. म्हणून मूळ पाठ आणि विकासक यांच्यामध्ये वाचावयाचे संदर्भसाहित्य, लिहिलेले तपासून देणारे परीक्षक आणि खुद्द ब्राउझर मानकाप्रमाणे वागतो की नाही हे पाहणारे चाचणीसंच अशी साधने हळूहळू उभी राहिली. त्यांची निर्मिती व निगा यांचा खर्च कोणी करावा, हे बहुतेक ठिकाणी ठरलेले नाही. पण एखादे मानक प्रत्यक्षात कितपत मुक्त आहे, हे बव्हंशी या साधनांवरच अवलंबून असते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः वेबच्या मानकांच्या अनुषंगाने त्यांचा विचार केला आहे.

मूळ पाठाची उपलब्धता : आंतरजालाच्या मानकांचा पाठ प्रारंभापासून विनामूल्य आहे. स्टीव्ह क्रॉकर यांनी ७ एप्रिल १९६९ रोजी ‘अभिप्रायार्थ विनंती’ अशा अर्थाच्या नावाने पहिले टिपण काढले. त्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ही मालिका आरएफसी म्हणून ओळखली जाते. आज तिच्यातील टिपणांची संख्या नऊ हजारांवर गेली आहे. जॉन पोस्टेल यांनी १९९८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिचे संपादन केले. टिपणे दीर्घकाळ साध्या मजकुराच्या स्वरूपात, ७२ अक्षरांची ओळ व ५८ ओळींचे पान या बेताने निघत, त्यामुळे ती कोणत्याही यंत्रावर उघडता व छापता येत. एकदा प्रसिद्ध झालेले टिपण बदलले जात नाही. सुधारणा करावयाची असल्यास नवा क्रमांक देऊन नवे टिपण काढतात. अभ्यासकाला याचा मोठा लाभ होतो : एखादा नियम केव्हा व का बदलला, हे जुनी-नवी टिपणे शेजारी ठेवून पाहता येते.

आरएफसीचे वाचन करताना एक संकेत ध्यानात ठेवावा लागतो. १९९७ मधील २११९ क्रमांकाच्या टिपणाने ‘केलेच पाहिजे’, ‘करणे इष्ट’ व ‘करण्यास हरकत नाही’ या अर्थांच्या इंग्रजी शब्दांना पारिभाषिक बळ दिले. पहिल्या प्रकारच्या वाक्याचा भंग करणारी आज्ञावली मानकाशी विसंगत ठरते. दुसऱ्या प्रकारच्या वाक्यापासून सबळ कारणासाठी दूर जाता येते. तिसऱ्यात निवड पूर्णपणे विकासकाची असते. हे शब्द मोठ्या लिपीतील अक्षरांत लिहिलेले असतील तेव्हाच त्यांना हा विशेष अर्थ असतो, असा खुलासा २०१७ मध्ये करण्यात आला. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने अशा मानकाचे मराठी भाषांतर करणाऱ्यास ठळक ठशासारखी दुसरी काही युक्ती योजावी लागेल; ही बाब किरकोळ वाटली, तरी करारासारख्या काटेकोर मजकुरात ती निर्णायक असते.

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची (आयएसओ) पद्धत वेगळी आहे. तिची बहुतेक मानके विकत घ्यावी लागतात. याचा परिणाम विकासकांच्या ज्ञानावर कसा होतो हे दिनांकलेखनाच्या मानकावरून दिसून येते. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने दिनांक लिहिण्याचे आयएसओ ८६०१ हे मानक विकतचे आहे. त्याचा आंतरजालावरील वापरापुरता निवडक भाग २००२ मध्ये ३३३९ क्रमांकाच्या आरएफसीत विनामूल्य प्रसिद्ध झाला. आयएसओ मानकाचे नाव सर्वांच्या तोंडी असते, पण विकासक वाचतात ती आरएफसी. सी या संगणकभाषेच्या बाबतीतही असेच घडले : अधिकृत मानक विकतचे असल्याने समितीच्या विनामूल्य मसुद्यांवरच अनेकांची भिस्त राहिली. पीडीएफ दस्तऐवजांचे मानक २००८ मध्ये आयएसओकडे गेले. त्याच्या दुसऱ्या भागाचा पाठ पीडीएफ असोसिएशन या संस्थेने पुरस्कर्त्यांच्या साहाय्याने २०२३ च्या एप्रिलपासून विनामूल्य उपलब्ध करून दिला. किंमत नाममात्र असली, तरी मानकाचा पाठ विकत घ्यावयाचा म्हटला की विद्यार्थी, लहान व्यावसायिक आणि हौसेने मुक्त सॉफ्टवेअर लिहिणारे यांच्यापैकी बहुतेक जण तो कधीच वाचत नाहीत आणि ऐकीव माहितीवर काम करतात.

वेबचा पाया घालणारे टिम बर्नर्स-ली यांच्या सर्न या संशोधनसंस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचे सॉफ्टवेअर सार्वजनिक मालकीचे म्हणून जाहीर केले. पुढील वर्षी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम ही मानकसंस्था स्थापन झाली. तिने २००४ मध्ये एकस्वांविषयी (पेटंटांविषयी) धोरण स्वीकारले. मानक घडविण्यात भाग घेणाऱ्या कंपन्यांनी त्या मानकासाठी अत्यावश्यक असलेली आपली एकस्वे स्वामित्वशुल्काविना वापरू द्यावीत, असा त्याचा आशय आहे. भारत सरकारने २०१० च्या नोव्हेंबरमध्ये ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचे जे धोरण जाहीर केले, त्यातही अत्यावश्यक एकस्वे शुल्कमुक्त असण्याची अट आहे. मानकाच्या पाठासाठी नाममात्र किंमत मात्र त्यात चालते.

एचटीएमएलचे मानक आरएफसीच्या उलट पद्धतीने चालते. ॲपल, मोझिला व ऑपेरा यांच्या अभियंत्यांनी २००४ मध्ये डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी नावाचा गट स्थापन केला आणि सतत सुधारत राहणाऱ्या, आवृत्तिक्रमांक नसलेल्या ‘जिवंत’ मानकाची कल्पना रुजविली. काही वर्षे या गटाचा व कन्सॉर्टियमचा असे दोन पाठ समांतर चालू होते. २०१९ च्या मे महिन्यातील करारानंतर एकच पाठ राहिला. जिवंत मानक वस्तुस्थितीच्या जवळ असते. पण छापील पाठ्यपुस्तक त्याच्या मागे पडणारच, हेही त्यातून ओघाने आले. वेबविषयीचे संदर्भसाहित्य पुस्तकाऐवजी सतत दुरुस्त होणाऱ्या स्वरूपात असावे लागते ते यामुळेच.

संदर्भसाहित्य : वेबच्या आरंभकाळी सर्वांत प्रभावी पाठ्यपुस्तक म्हणजे इतरांनी लिहिलेली पृष्ठे हेच होते. ब्राउझरमध्ये कोणत्याही पृष्ठाचा मूळ मजकूर पाहण्याची सोय असे. तो पाहून, उतरवून घेऊन आणि थोडा बदल करून हजारो लोक एचटीएमएल शिकले. लोहाराच्या भात्यापाशी बसून उमेदवारी करावी, तसाच हा प्रकार होता. पुढे पृष्ठांसोबतच्या आज्ञावल्या यंत्राकरवी दाबून लहान करण्याची पद्धत पडली आणि त्या वाचण्यास जवळजवळ अशक्य झाल्या. शिकण्याचा तो मार्ग अरुंद झाल्याने लिखित संदर्भसाहित्याचे महत्त्व वाढले.

हे साहित्य प्रथम ब्राउझर-उत्पादकांनी आपापल्या उत्पादनाची पुस्ती म्हणून काढले. नेटस्केप कंपनीचे ‘डेव्हएज’ हे त्यांतील एक प्रमुख. कंपनी एओएलच्या मालकीची झाल्यावर २००४ मध्ये ते बंद करण्यात आले आणि जावास्क्रिप्ट भाषेचे तोवरचे एक उत्तम मार्गदर्शन वाचकांच्या हातून गेले. मोझिला प्रतिष्ठानाने एओएलशी बोलणी करून २००५ मध्ये त्या साहित्याचा वापर करण्याची अनुमती मिळविली. त्याच्या पायावर, कोणासही लेख दुरुस्त करता येईल अशा रीतीने उभारलेला संदर्भकोश आज एमडीएन या नावाने ओळखला जातो. यातील मजकूर स्रोताचा निर्देश करून व त्याच अटींवर पुढे कोणासही वापरता येतो. एकेका खुणेवर वा आज्ञेवर स्वतंत्र नोंद, तिचा वाक्यविन्यास, चालवून पाहता येणारे उदाहरण, मूळ विनिर्देशाचा दुवा आणि कोणत्या ब्राउझरच्या कोणत्या आवृत्तीपासून ती चालते याचा तक्ता, अशी त्याची मांडणी आहे. ब्राउझरांविषयीची ही सारणी यंत्रास वाचता येईल अशा स्वरूपात वेगळी ठेवलेली असून तिच्यावर कसलाही प्रताधिकार सांगितलेला नाही. त्यामुळे विकासकांची इतर अनेक साधने तिच्यावरच चालतात.

मानकसंस्थेने स्वतः असा कोश काढावा, हा प्रयत्नही झाला. कन्सॉर्टियमने २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये ॲडोबी, ॲपल, फेसबुक, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला, नोकिया इ. कंपन्यांच्या पाठिंब्याने ‘वेब प्लॅटफॉर्म डॉक्स’ हा उपक्रम सुरू केला. तीनच वर्षांत, २०१५ मध्ये, तो थांबविण्यात आला. मोठी नावे पाठीशी असणे आणि रोज बसून नोंदी लिहिणारी माणसे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कोशकार्याशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने वेबविषयीची आपली ७,७०० हून अधिक पृष्ठे बंद करून त्यांच्या वाचकांना एमडीएनकडे वळविले. गूगल व सॅमसंग या कंपन्या आणि कन्सॉर्टियम यांनीही त्याच्या सल्लागार मंडळात भाग घेतला. अशा रीतीने प्रतिस्पर्ध्यांचे एकच सामाईक संदर्भपुस्तक तयार झाले.

त्याचबरोबर एकाच खांबावर सर्व भार आला. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सु. २५० कर्मचारी कमी केले, तेव्हा एमडीएनचे लेखन करणाऱ्या गटालाही त्याची झळ बसली. जगातील बहुतेक वेब-विकासक ज्या पुस्तकावर विसंबून होते, त्याचे वेतनधारी लेखक हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच आहेत, हे अनेकांना त्या वेळी प्रथमच कळले. त्याच वर्षाच्या अखेरीस सर्व मजकूर सार्वजनिक आज्ञावली-भांडारात हलविण्यात आला. प्रत्येक दुरुस्ती आता दुसऱ्या कोणीतरी तपासल्यावरच स्वीकारली जाते. जानेवारी २०२१ मध्ये ‘ओपन वेब डॉक्स’ ही संस्था निघाली. कंपन्या व व्यक्ती यांच्या वर्गणीतून ती तांत्रिक लेखकांना वेतन देते. या घडामोडींत भाषांतरांची मात्र छाटणी झाली. निगा राखण्यास पुरेसे स्वयंसेवक नसलेल्या हिंदी, बंगाली, इटालियन, जर्मन इ. भाषांतील आवृत्त्या २०२१ मध्ये काढून टाकण्यात आल्या (जर्मन नंतर यंत्र-भाषांतराच्या आधारे परत आली). आज चालू असलेल्या भाषांत एकही भारतीय भाषा नाही.

नोव्हेंबर २०२२ नंतर विकासक आपल्या शंका मोठ्या भाषा-प्रतिमानांना, म्हणजे मजकुराच्या प्रचंड साठ्यावरून घडविलेल्या संवादक्षम आज्ञावल्यांना, विचारू लागले. त्यांची उत्तरे बहुधा उपयुक्त असतात, परंतु तीही अशाच विनामूल्य संदर्भसाहित्यावर पोसलेली आहेत आणि चुकीचे उत्तर बरोबर उत्तराइतक्याच आत्मविश्वासाने दिले जाते. एमडीएनने २०२३ मध्ये उदाहरणांचे यांत्रिक स्पष्टीकरण देणारी सोय सुरू केली. स्पष्टीकरणांतील चुका वाचकांनी दाखवून दिल्यावर ती काही दिवसांतच थांबवावी लागली. संदर्भकोशाची पत त्याच्या अचूकपणात असते. तेथे सरासरीने बरोबर असून भागत नाही.

अनुरूपता-परीक्षक : विकासकाने लिहिलेले पृष्ठ मानकाच्या व्याकरणात बसते की नाही, हे तपासून चुकांची यादी देणाऱ्या आज्ञावलीस अनुरूपता-परीक्षक वा व्हॅलिडेटर म्हणतात. एक साधे उदाहरण घेऊ. वाक्यातील काही शब्द ठळक व काही तिरपे करावयाचे असता ठळकपणाची खूण आधी व तिरपेपणाची खूण नंतर उघडली, पण बंद करताना ठळकपणाची खूण आधी बंद केली, तर दोन्ही खुणा एकमेकींत अडकतात. कंस उघडण्याच्या उलट क्रमाने बंद केले पाहिजेत, तसाच हा नियम आहे. पृष्ठ पडद्यावर बहुधा ठीकच दिसते, त्यामुळे लेखकाला चूक कळत नाही. परीक्षक ती ओळ-क्रमांकासह दाखवितो.

अशा चुकीच्या मजकुराचे ब्राउझरने काय करावे, हे जुन्या मानकांत सांगितलेले नव्हते. प्रत्येक ब्राउझर आपल्या परीने अंदाज बांधी आणि अंदाज भिन्न असत. एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीच्या कामात ही त्रुटी दूर करण्यात आली. शुद्ध मजकुराप्रमाणेच अशुद्ध मजकूरही कसा वाचावा, याची पायरी-पायरीने कृती मानकातच देण्यात आली. (आवृत्ती कन्सॉर्टियमची शिफारस म्हणून २८ ऑक्टोबर २०१४ रोजी प्रसिद्ध झाली.) जुने परीक्षक व्याकरणाच्या एका ठरीव तक्त्याशी मजकूर ताडून पाहत. नव्या नियमांना तो तक्ता अपुरा पडू लागला. हेन्री सिव्होनेन यांनी हेलसिंकी येथील तंत्रविद्यापीठात २००७ च्या आपल्या प्रबंधासाठी नव्या धर्तीचा परीक्षक तयार केला. आज कन्सॉर्टियम वापरते ते साधन त्याचेच पुढचे रूप आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याचे काम जगभरच्या नित्य वापरात यावे, हे मुक्त मानकांच्या क्षेत्रातच सहज घडू शकते.

परीक्षकाची मर्यादाही लक्षात घ्यावयास हवी. तो रूप पाहतो, अर्थ पाहत नाही. अंध वाचकासाठी प्रत्येक चित्रासोबत शब्दांत वर्णन द्यावे, असा नियम आहे. वर्णन मुळीच नसेल तर परीक्षक तक्रार करतो. वर्णनाच्या जागी नुसते ‘चित्र’ असे लिहिल्यास त्याचे समाधान होते, अंध वाचकाचे होत नाही. अपंग व्यक्तींना वेब वापरता यावे म्हणून कन्सॉर्टियमने १९९९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या आणि २००८, २०१८ व २०२३ मध्ये वाढविलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतील पुष्कळ कलमे अशीच माणसाने पारखावयाची आहेत.

ब्राउझरांच्या चाचण्या : विकासकाने मानक तंतोतंत पाळले आणि ब्राउझरने पाळले नाही, तर पहिल्याचे श्रम वाया जातात. १९९० नंतरच्या दशकात नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट यांच्या चुरशीत हेच घडत होते. सीएसएसच्या १९९६ मधील पहिल्या मानकानुसार चौकटीची जी रुंदी सांगावयाची, ती आतील मजकुराची. समजा, रुंदी ३०० एकके सांगितली, दोन्ही बाजूंस २० एककांची मोकळी जागा व ५ एककांची किनार ठेवली, तर चौकट एकूण ३५० एकके भरावयास हवी. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररची पाचवी आवृत्ती (विंडोजवरील) जागा व किनार ३०० मध्येच कोंबून चौकट ३०० एककांची काढी. परिणामी एकच पृष्ठ दोन ब्राउझरांत वेगळे दिसे आणि विकासक दोन्हींसाठी दोनदा लिहीत. २००१ मधील सहाव्या आवृत्तीत हे दुरुस्त झाले. गंमत अशी की, हिशेबाची ती दुसरी पद्धत अनेकांना अधिक सोयीची वाटत असे. सीएसएसमध्ये ती पुढे ऐच्छिक म्हणून रीतसर स्वीकारली गेली आणि आज बहुतेक विकासक तीच निवडतात. दोष पद्धतीचा नव्हता, ती कोणाशी न ठरविता अवलंबिल्याचा होता.

अशा विसंगती चव्हाट्यावर आणण्यासाठी टॉड फाहर्नर यांनी १९९८ मध्ये एकाच पृष्ठाची एक चाचणी तयार केली. सोन्याचा कस लावण्यासाठी आम्ल वापरतात, त्यावरून तिला ‘ॲसिड’ चाचणी हे नाव पडले. २००५ मधील दुसऱ्या चाचणीत मानक बरोबर पाळणाऱ्या ब्राउझरमध्ये एक हसरा चेहरा उमटे, चुकणाऱ्यात तो वेडावाकडा होई. २००८ मधील तिसरीत १०० उपचाचण्या होत्या. सामान्य वाचकालाही निकाल डोळ्यांनी दिसत असल्याने या चाचण्यांचा उत्पादकांवर मोठा दबाव आला. मात्र गुण मिळविण्यापुरतीच दुरुस्ती करण्याचा मोहही त्यांनी निर्माण केला. शिवाय मानके बदलत गेली आणि तिसऱ्या चाचणीतील काही भाग २०११ मध्ये बदलावा लागला.

यापुढचा टप्पा म्हणजे सर्व ब्राउझर-उत्पादकांचा सामाईक चाचणीसंच. ‘वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स’ या संचातील उपचाचण्या दहा लाखांहून अधिक असून त्या प्रमुख ब्राउझरांवर नियमितपणे चालवून निकाल जाहीर केले जातात. कोणीही नवी चाचणी सुचवू शकतो. मानकाच्या पाठात बदल सुचविणाऱ्याने त्यासोबत चाचणीही द्यावी, असा प्रघात आता पडला आहे. २०२२ पासून उत्पादक दर वर्षी काही विषय ठरवून त्यांतील आपापल्या विसंगती दूर करण्याचा ‘इंटरॉप’ नावाचा उपक्रम राबवितात. या निकालांचे विकासकाला सहज समजेल असे रूप म्हणजे २०२३ मध्ये सुरू झालेली ‘बेसलाइन’ ही खूण. एखादी सोय सर्व प्रमुख ब्राउझरांत येऊन ३० महिने झाले की, ती सर्वत्र निर्धास्त वापरण्याजोगी मानली जाते.

प्रत्यक्ष निरीक्षणाची साधने : एचटीटीपीची जुनी रूपे साध्या मजकुराची होती. दूरस्थ संगणकाशी जोडणी करून दोन-तीन ओळी हाताने टंकित केल्या, की पृष्ठ उत्तरादाखल येई. प्रोटोकॉल शिकविण्याचा याहून सोपा प्रयोग नव्हता. २०१५ मधील दुसरी आवृत्ती द्विमान अंकांच्या चौकटींत चालते व ती उघड्या डोळ्यांनी वाचता येत नाही, म्हणून मधे साधन लागते. १९९८ पासून विकसित होत असलेले कर्ल हे विनंत्या पाठवून उत्तरे दाखविते, तर त्याच वर्षी ईथरियल या नावाने निघालेले व २००६ पासून वायरशार्क म्हणून ओळखले जाणारे साधन जाळ्यातून जाणारा प्रत्येक संदेश उलगडून मांडते. दोन्ही विनामूल्य असून त्यांची मूळ आज्ञावलीही वाचता येते. पृष्ठावरील कोणत्या घटकाला सीएसएसचा कोणता नियम लागू पडला, हे जागच्या जागी दाखविणारे फायरबग हे साधन २००६ मध्ये आले. ती सोय आता प्रत्येक प्रमुख ब्राउझरमध्ये अंतर्भूत आहे.

देवनागरी व मराठी : मराठी मजकूर हाताळणाऱ्या विकासकाला ही सर्व साधने एकत्रच लागतात. युनिकोडची १९९१ मध्ये निघालेली पहिली आवृत्ती देवनागरीच्या वर्णक्रमासाठी इस्की या भारतीय संकेतनाच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली होती. मराठीतील ‘ॲ’ या अक्षराला मात्र २००८ मधील ५.१ या आवृत्तीपर्यंत स्वतंत्र क्रमांक नव्हता. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतील र-काराचे आडवे रूप दोन प्रकारे लिहिता येते, असे मानकच सांगते : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णास हलन्त जोडून, किंवा साधा ‘र’, हलन्त व जोडणीचे अदृश्य चिन्ह यांच्या क्रमाने. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, परंतु युनिकोड त्यांना सममूल्य मानत नाही. त्यामुळे एका प्रकारे लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकाराने शोधल्यास सापडत नाही. मराठी शब्दकोश वा ग्रंथसूची संगणकावर आणणाऱ्याने मानकाचा हा भाग वाचलेला नसेल, तर शेकडो शब्द असूनही नसल्यासारखे होतात. तसेच पृष्ठाच्या आरंभी मजकुराची भाषा मराठी आहे, एवढी एक खूण लिहिली की, तशी तरतूद असलेल्या टंकांत ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणाची रूपे उमटतात. ती खूण नसल्यास हिंदी वळणाची येतात. खूण लिहिण्यास काही क्षण लागतात, पण ती आहे हे ठाऊक असावे लागते.

अक्षरगणनेचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. ‘स्त्री’ या शब्दात आपल्या दृष्टीने एक अक्षर आहे. यूटीएफ-८ या प्रचलित संकेतनात त्याला १८ बाइट लागतात. युनिकोडच्या क्रमांकांनी मोजल्यास त्यात स, हलन्त, त, हलन्त, र व दीर्घ ई-कार असे सहा घटक भरतात आणि जावास्क्रिप्ट भाषेला त्याची लांबी विचारल्यास सहा हेच उत्तर मिळते. वाचकाला एकसंध वाटणारे घटक कोठे तोडावेत याचे युनिकोडचे जे सर्वसाधारण नियम आहेत, त्यांनुसार २०२३ पर्यंत या शब्दाचे तीन तुकडे होत. उलट खूण दाबून अक्षर खोडणे, परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे छापणे, ठरावीक अक्षरांनंतर मजकूर तोडणे या सर्व क्रिया या नियमांच्या आधारे चालवल्या, तर जोडाक्षराच्या मध्येच कात्री लागे. सप्टेंबर २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांच्या जोडाक्षरांसाठी नवा नियम घालण्यात आला आणि ‘स्त्री’ एकसंध झाली. नियमासोबत युनिकोडने चाचणीच्या ओळींची फाइलही नेहमीप्रमाणे विनामूल्य प्रसिद्ध केली आहे. आपल्या आज्ञावलीला त्या ओळी घालून पाहिल्या की, तिच्यातील अक्षरे तोडण्याचा भाग नव्या नियमाचा आहे की जुन्या, हे काही सेकंदांत कळते.